मास्तरांच्या स्कूटरवरील लाल पाटी

सुज्ञ वाचकहो, किरकोळ दंडाने वाहनचालकाचे आचरण सुधारते किंवा कसे, हा प्रश्न अत्यंत गहन आहे. त्याचा सांगोपांग विचार व्हावा, एतदर्थ आमच्या शेजारी घडलेली हकिकत यथामती निवेदन करीत आहे. कृपया शांत चित्ताने वाचावी.

मोटार शिकवणारे मास्तर बावीस वर्षे इतरांस शिस्तीत वाहन हाकण्यास शिकवीत आले होते. परंतु स्वतःच्या स्कूटरवर आरूढ झाले, की आपल्याच मोटार-शाळेपुढील चौकातला लाल दिवा त्यांस दिसेनासा होई. हवालदारांनी पावती फाडली, की ती घडी करून खिशात घालीत व म्हणत, "दोन चहा कमी प्यायचे, झालं!"

चौथ्या पावतीमागून मात्र परिवहन कचेरीचे पत्र आले. सहा महिन्यांत आणखी एक दंड झाल्यास मास्तरांचा शिकवण्याचा परवाना स्थगित होणार होता. ते पत्र त्यांच्या पत्नीने, म्हणजे शाळेत नियमांचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी, दोनदा वाचले.

"आता काय खायचं? पावत्या?"

"अगं, लाल दिव्याला थांबलं की मागचे अंगावर येतात. भोंगे काय, शिव्या काय! मी काय नवशिका आहे का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरच्या पुढे व मागे 'शिकाऊ चालक' अशी शाळेचीच लाल पाटी तारेने आवळलेली आढळली.

"हे काय थेर?"

"सहा महिने राहू द्या. पाटी काढलीत, तर माझा नियमांचा वर्ग तुम्हीच घ्या."

नियमांचे पुस्तक मास्तरांनी कित्येक वर्षांत उघडले नव्हते. ते निमूटपणे निघाले. हेल्मेटात तोंड लपवले, तरी एका विद्यार्थिनीने त्यांस ओळखलेच.

"अय्या सर, तुम्ही पण नापास झालात?"

अशा अवस्थेत सिग्नल तोडून सर्वांच्या नजरा ओढवून घेण्यापेक्षा मास्तर मुकाट्याने थांबले. आणि काय आश्चर्य! मागचा ट्रक दहा हात दूर उभा राहिला. ट्रकवाला खिडकीतून म्हणाला, "सावकाश हं काका, घाई नाही." ज्यांनी चारही पावत्या फाडल्या, त्याच हवालदारांनी समोरची वाहने अडवून म्हटले, "या, या. घाबरू नका. डावीकडे वळा."

दंड झाला नाही, भोंगा वाजला नाही. आठवडाभरात मास्तर स्कूटरवर शीळ घालू लागले.

सहा महिने निर्विघ्न पार पडले. परवाना वाचला. बाईंनी स्वहस्ते पकडीने तार तोडली. दुसऱ्या दिवशी मास्तर लाल दिव्याला थांबले, तोच पाठीमागे तीन भोंगे एकदम कोकलले.

"ओ काका, झोपलात का? काढा की पुढं!"

मास्तरांचा हात मुठीवर वळला, परंतु त्यांनी तो आवरला. हिरवा दिवा लागेपर्यंत त्यांनी कुळाचा उद्धार ऐकून घेतला व तडक घर गाठले.

"पकड कुठाय गं?"

"कशाला?"

"पाटी बांधायचीय."

"अहो, परवाना वाचला ना?"

"तो वाचला. पण रस्त्यात मान त्या पाटीला आहे, मला नाही."

सायंकाळी दारात हवालदार उभे! मास्तर तार हातात घेऊन तसेच थिजले.

"साहेब, शप्पथ, मी आज थांबलो होतो!"

"ते बघितलं मी. भोंगेही ऐकले." हवालदारांनी इकडेतिकडे पाहिले व आवाज उतरवला. "मास्तर, असली पाटी एखादी जास्तीची आहे का हो? माझ्या घरच्या गाडीला पाहिजे होती."

वाचकहो, आरंभीच्या प्रश्नाचे निश्चित उत्तर मला अद्यापि गवसलेले नाही. माझी सायकल मात्र त्याच लाल पाटीनिशी सुखाने हिंडत आहे. आपला अमूल्य वेळ दिलात, याबद्दल शतशः ऋणी आहे.

आपला नम्र,
पंक्चरवाले नाना
(मास्तरांच्या शाळेलगतचे दुकान)