गंजल्या ट्रेलराचा निवाडा

वाचणारांनी चित्त स्थिर करावे आणि चहा हाताशी ठेवावा. एका ट्रेलरापायी सरखेलांच्या घराण्यावर कैसा प्रसंग गुदरला, त्याची हकीकत पदरचे तिखटमीठ न लावता लिहिली असे.

सरखेल म्हणजे शाळेत भूगोल शिकविणारे गृहस्थ. आरमार म्हणावे तर तीन माणसांची एक होडी, आणि ती मोटारीमागे बांधोन तळ्यापावेतो नेणारा दुचाकी ट्रेलर. हा ट्रेलर सरखेलांचे तीर्थरूप, निवृत्त वेल्डर, यांनी तीस वर्षांमागे खुद्द स्वहस्ते जोडिला. त्यास दरसाल गंज चढे, आणि सरखेल गंज न खरवडता वरून निळा रंग फासीत, आणि मग पुन्हा गंज, आणि मग पुन्हा रंग, ऐसे होता होता लोखंड किती आणि रंग किती हे ब्रह्मदेवासही न कळे.

ऐसियास गेल्या रविवारी कूच जाहले असता डावे चाक लष्कर सोडोन फितूर जाहले, आणि मोटारीस मागे टाकोन एका दुकानाच्या पायरीशी जाऊन स्वस्थ बसले. होडी रस्त्यास टेकली. सरखेलांची अब्रू त्याहून खाली गेली.

मग मसलत बसली. सरखेलांच्या पत्नी बाईसाहेब यांनी नवा ट्रेलर आणावा ऐसा हुकूम केला. सरखेलांनी अर्ज गुजारिला की चाके नवी, आस नवा, तळचे पत्रे नवे घालावे, परंतु ट्रेलर हाच राखावा.

"अहो, मग जुनं उरलं काय? नंबरप्लेट?"

तरी सरखेल हटेनात. खरी गोष्ट त्यांनी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडोन हळूच सांगितली. "बाबांच्या हातचा आहे गं तो. भंगारात घातला तर ते खचतील." हे ऐकोन बाईसाहेबांस भरून आले आणि त्यांनी तलवार म्यान केली.

दुसरे दिवशी गॅरेजचे मिस्त्री दाखल जाहले, आणि हातोडीने चौकट भीत भीत ठोकू लागले. तो आवाज घरात बसलेल्या थोरल्या साहेबांस, म्हणजे सरखेलांच्या तीर्थरूपांस, सोसवेना. ते सपाता घालोन बाहेर आले, "असं नाही वाजवायचं, आण इकडे," ऐसे फर्मावोन हातोडी घेतली आणि एक घाव घातला. हातोडी चौकटीत शिरली ती परत येईना. सर्व फौज थोरल्या साहेबांचे मुखाकडे पाहात राहिली.

"टाका एकदाचा भंगारात," साहेब वदले. "पहिल्याच वर्षी टाकणार होतो. जोड वाकडे बसले होते. तुझा जीव जडलेला बघून गप्प बसलो."

"आणि मी तुमच्यासाठी रंगवत बसलो!"

"तीस वर्षं!" बाईसाहेब गरजल्या. "तोंडं दिली होती ना देवानं दोघांना?"

मग त्याच आठवड्यात नवा ट्रेलर आला. थोरल्या साहेबांनी दुकानात प्रत्येक जोडावर अंगठा फिरविला, आणि एक जोड विक्रेत्याकडोन पुन्हा करविला, तेव्हाच मान डोलाविली. रविवारी होडी पाण्यात उतरली. पितापुत्र मध्यावर पोहोचले, तेव्हा सरखेलांस नवीच धास्ती पडली, आणि त्यांनी वल्ही थांबवोन विचारिले, "बाबा, होडीत बसायला तरी आवडतं ना तुम्हाला?"

थोरल्या साहेबांनी पाण्यात हात बुडविला.

"हो रे. हे मात्र खरंच आवडतं."

त्या क्षणी मोहीम फत्ते जाहली. सरखेलांचे डोळे वाहिले, हेही दप्तरी लिहिले असे.