बार्लो मिस्त्रीची वंशावळ

वंशावळ काढण्यात देवीदासरावांचा हात धरणारा अख्ख्या अमरावती जिल्ह्यात कोणी नव्हता, असं खुद्द देवीदासरावांचं मत होतं. तेहतीस वर्षं तलाठी होते, आणि एकही खोटी नोंद केली नाही! निवृत्त झाल्यावरही लोक कागदांचं गाठोडं घेऊन दारात उभेच. कोणाला जात पडताळणीसाठी पणजोबा हवा, कोणाला सातबाऱ्यासाठी खापरपणजोबा. दुसऱ्यांचे पूर्वज शोधता शोधता बिचाऱ्यांचे गुडघे झिजले होते.

त्यात प्रणालीचा फोन आला. प्रणाली म्हणजे त्यांची मुलगी, इंग्लंडातल्या एका वृद्धाश्रमात नर्स. तिथल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मार्गारेट आजींचे आजोबा, विल्यम बार्लो, शंभर वर्षांपूर्वी धामणगाव रेल्वेच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बॉयलरचे मिस्त्री होते. बायकामुलं तिकडे ठेवून इकडे आले आणि तापानं गेले. परक्या मुलखात, पाणी पाजायलाही कोणी नसताना गेले, हे आजींच्या मनाला जन्मभर लागून राहिलं होतं. आता डॉक्टरांनी हात टेकले होते आणि आजींना निदान कबरीचा फोटो पाहायचा होता.

"बाबा, मी त्यांले शब्द देल्ला. आठ दिवसांत होईन न?"

"चार दिवसांत!" देवीदासराव म्हणाले.

"घरातली चावी सापडत नाई तुमाले," दुर्गाबाई, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अन् शंभर वर्सांचा इंग्रज शोधाले चालले!"

पहिले दोन दिवस अकोल्यात वाया गेले. तिथल्या इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत बार्लो नव्हता. तिसऱ्या दिवशी एसटीत उभं राहून त्यांनी धामणगाव गाठलं. जिनिंग केव्हाच बंद पडलं होतं, आवारात चाळीसेक घरं उठली होती. देवीदासराव चहाच्या टपरीवर टेकले, घाम पुसला, सवयीनं वंशावळीचा तक्ता मांडीवर पसरला आणि सवयीनंच विचारलं, "बार्लो मिस्त्रीच्या वारसाकडून आलो. कोनाले काही माहीत हाय काय?"

झालं! वारस निघाला की जागा गेली, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. ज्यांनी जन्मभर हेच काम केलं, त्या देवीदासरावांना मात्र ते सुचू नये! पाच मिनिटांत टपरी रिकामी झाली. दहा मिनिटांत भरली, ती दुप्पट!

"इंग्रज आवार वापस घेऊन राहिले म्हनते!" एक बाई ओरडली. "एकदा घेऊन पोट नाई भरलं काय त्याहीचं?"

वस्तीचा पुढारी नितेश पुढे झाला. "काकाजी, मोजणी कधी हाय?"

"मोजणी कायची? मले फक्त कबर पाह्यजे!"

"आज कबर मांगान, उद्या घरं मांगान."

"अरे, ते बाई अठ्ठ्याऐंशीची हाय! इथं काय बंगला बांधाले येते?"

"तिचे नातू येतीन न!" वस्तीतला म्हशीवाला भगवंत म्हणाला. कबर ह्याच्याच गोठ्यात आहे, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

दीड तास देवीदासरावांनी घसा कोरडा केला. शेवटी नितेशनं तोडगा काढला. "हक्कसोड लिहून द्या. मंग कबर धुऊन-पुसून दाखवतो."

"हक्कसोड वारस देते, बाप्पा. मी कुठं वारस हाय?"

"मंग व्हा न!"

स्टॅम्प पेपर कोणीतरी धावत जाऊन आणलासुद्धा! असल्या कागदाला कवडीची किंमत नसते, हे देवीदासरावांपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? पण गुडघे ठणकत होते, परतीची गाडी सुटायला आली होती, आणि तिकडे म्हातारी वाट बघत होती. 'मी देवीदास, कै. विल्यम बार्लो मिस्त्री यांचा सख्खा नातू, राजीखुशीने माझा हक्क सोडतो...' त्यांनी डोळे मिटून सही ठोकली. आयुष्यातली पहिली खोटी नोंद!

कबर भगवंतच्या म्हशीमागेच निघाली. त्यानं शेण ओढलं, दोन बादल्या पाणी ओतलं, तसं दगडावर बार्लोचं नाव दिसू लागलं. भगवंतच्या बायकोनं झेंडूची दोन फुलं वाहिली. देवीदासरावांना उगाच भरून आलं. त्यांनी फोटो काढले. पण नुसता फोटो पाठवेल तो तलाठी कसला? तक्ता, कबरीचा पंचनामा, हक्कसोड, सगळं जोडून प्रणालीला पाठवलं!

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. आजी ढसाढसा रडत होत्या.

"बाबा, तुमी काय पाठवलं हे?" प्रणाली घाबरलेली होती. "आजींनं फोनवरच कागदाचं इंग्रजी करून घेतलं. त्या म्हनतेत, आजोबांनं तिथं दुसरं घर केलं होतं!"

देवीदासराव ताडकन उठले. "खोटं हाय म्हनून सांग! आत्ताच्या आत्ता सांग!"

"ऐका त आधी! त्या खुश हायेत, बाबा. म्हनतेत, आजोबा एकटे नाई मेले. त्यांच्यापाशी त्यांचे मानसं होते. तुमाले भाऊ म्हनून राहिल्या. इचारतेत, खरंच न?"

आजींनी हात पडद्यावर ठेवला. देवीदासरावांनी इकडून त्यावर आपला हात टेकवला.

"यस," ते म्हणाले. "यस, सिस्टर."

फोन बंद झाला. मागं दुर्गाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आजा मेल्याचं आज कळलं न तुमाले?" त्या म्हणाल्या. "मंग कशाले शिवू नका. पयले आंघोळ करा."

आणि देवीदासराव निमूटपणे टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले.