आयाळरावांचे दोन शब्द

एका जंगलात सिंहांचा एक कळप उपासमारीला लागला, आणि त्याला जबाबदार होते आयाळराव. मुलांनो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्ट संपता संपता कुणीतरी मध्ये पडेल आणि म्हणेल, जाऊ दे रे, वयाने मोठे आहेत, त्यांच्या मनात तसं नव्हतं. त्यांच्या मनात अगदी तसंच होतं.

आयाळराव कळपाचे प्रमुख. मानेभोवती भरगच्च केस, आवाज दणदणीत, काम शून्य. शिकार सिंहिणी करायच्या. त्यांची पद्धत साधी होती. तिन्हीसांजेला दोघी-तिघी गवतातून लांबचा वळसा घालून नीलगाईंच्या मागे जायच्या आणि त्यांना पुढे हुसकायच्या. बाकीच्या समोर दबा धरून बसायच्या. नियम एकच, तोंडातून आवाज काढायचा नाही.

नीलगाय पडली की थोरली सिंहीण सरूआक्का जाऊन आयाळरावांना उठवायची. ते यायचे, पहिला घास घ्यायचे, पोट तट्ट फुगेपर्यंत तो पहिलाच घास चालायचा. मग ढेकर देऊन म्हणायचे, "दमलो बुवा."

सगळं सुरळीत चाललं होतं. आयाळरावांना खुपलं ते हेच.

खुपवलं कोल्ह्याने. हा कोल्हा कळपाचं उष्टं खाऊन जगायचा आणि दिवसभर 'साहेब, साहेब' करायचा. एकदा पाय चेपता चेपता तो म्हणाला, "साहेब, शिकार तुमच्याशिवायच सुरू होते. तुम्ही आपले जेवायला जाता. जंगलात लोक बोलतात."

त्या दिवशी आयाळरावांच्या घशाखाली अर्धीच नीलगाय उतरली. ते आठवत बसले, की आपल्याला कधी कुणी काही विचारलंय का. 'आणखी वाढू का' एवढंच विचारलेलं आठवलं. त्यांनी सरूआक्काला बोलावलं आणि सांगितलं, की यापुढे शिकारीआधी आपण दोन शब्द बोलणार.

"अहो, शिकारीच्या वेळी बोलत नाहीत," सरूआक्का म्हणाली.

"दोनच शब्द."

"नक्की दोनच?"

"दोनच म्हटलं ना."

मुलांनो, तुम्ही शाळेच्या समारंभांत उन्हात बसलेले आहात. मोठी माणसं दोन शब्द बोलायला उठली की काय होतं, हे तुमच्या बुडाला चांगलं ठाऊक आहे. सिंहिणी बिचाऱ्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी दोन म्हणजे दोनच धरले.

संध्याकाळी सिंहिणी गवतात जागच्या जागी बसल्या. नीलगाई निवांत चरत होत्या. आयाळराव वारुळावर चढले आणि त्यांनी घसा खाकरला. त्या खाकरण्यातच नीलगाईंचा अर्धा कळप पळाला. "जमलेल्या माझ्या सिंहिणींनो," म्हणाले, तेव्हा उरलेला अर्धा पळाला. ओसाड माळासमोर आयाळराव पुढे बोलत राहिले. हल्लीच्या पिढीला संयम नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. सिंहिणी तशाच पोटावर पडून राहिल्या, कारण मोठं माणूस बोलत असताना मधून उठणं बरं दिसत नाही.

भाषण संपलं. कोल्ह्याने पंजे वाजवले. आयाळराव खाली उतरून म्हणाले, "हं, आणा आता."

आणायला काही नव्हतं. आयाळरावांनी कारण लगेच ओळखलं. पोरींचं पळणं कमी पडतंय. मग त्यांनी पळण्यावर मार्गदर्शन सुरू केलं, आडवे पडून. आपल्या वेळच्या नीलगाई आपण होऊन यायच्या, असंही सांगितलं.

रोज तेच होऊ लागलं. नीलगाईंना तर सवयच झाली. त्या मजेत चरायच्या, आणि वारुळावरून खाकरणं ऐकू आलं की पोरांना म्हणायच्या, चला, घरी जायची वेळ झाली.

इकडे बरगड्या दिसायला लागल्या. तानी नावाच्या तरुण सिंहिणीचं दूध आटलं. तिचे बछडे रडायचे थांबले, तेव्हा ती घाबरली. तिने सरूआक्काला गाठलं आणि ती म्हणाली, आपण यांना न सांगता शिकार करू.

"त्यांना वाईट वाटेल गं," सरूआक्का म्हणाली.

"मग माझ्या पोरांना ते वाईट वाटणंच खायला घाला."

सरूआक्का बाकीच्यांना बोलवायला उठली. तानी आयाळरावांकडे गेली आणि तिने सांगितलं, की आबा, तुमच्या आवाजाला हे वारूळ पुरत नाही. माळाच्या पलीकडच्या टेकडीवरून बोललात तर जंगलभर घुमेल. आयाळरावांना हे कधीपासून वाटतच होतं. ते निघाले. सिंहिणी माळाच्या अलीकडच्या ओढ्यात जाऊन गुपचूप बसल्या.

टेकडीवर आयाळराव खाकरले. नीलगाई दचकून आवाजाच्या उलट दिशेला धावल्या, थेट ओढ्याकडे. पहिलं वाक्य संपायच्या आत दोन पडल्या. आयाळरावांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी काम केलं, आणि ते त्यांना कळलंही नाही. कारण ते संयमावर बोलत होते.

भाषण आटोपून ते माळ तुडवत ओढ्यावर पोचले, तेव्हा हाडं उरली होती. बछडे ती चाटत होते.

"थांबला नाहीत?" आयाळराव म्हणाले.

त्यांना सांगण्यात आलं, की बछडे फार भुकेले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी हाडंही चाटून झालेली. कोल्हा आता टेकडीवर येत नव्हता. त्याची निष्ठा ओढ्याकाठी राहायला गेली होती.

आयाळरावांच्या मानेवरचे केस गळू लागले. टेकडी चढताना मध्ये बसावं लागे. शेवटी तानीलाच राहवेना. ती वाटेत आडवी आली.

"आबा, आज बोलू नका. आमच्याबरोबर ओढ्यात बसा. पहिला घास तुमचाच."

"आणि नीलगाई?"

"आम्ही हुसकू, पूर्वीसारख्या. तुम्ही फक्त गप्प बसायचं."

आयाळरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं, हनुवटीवरून गळलं. त्यांना ओल्या मांसाचा वास आठवला, आणि ते चार पावलं तानीच्या मागे गेलेसुद्धा. मग थांबले.

"पण मग सुरुवात कोण करून देणार?"

"सुरुवात आपली आपण होते, आबा."

यापेक्षा तिने पंजा मारला असता तर बरं झालं असतं. आयाळराव वळले आणि टेकडी चढू लागले. तानी थोडा वेळ बघत राहिली, मग ओढ्याकडे धावली, कारण तिचे बछडे वाट बघत होते.

आयाळराव वर पोचले. उभं राहवत नव्हतं म्हणून बसूनच खाकरले. नीलगाई नेहमीसारख्या पळाल्या, आणि ओढ्यावर नेहमीसारखं जेवण झालं. भाषण त्या दिवशी बरंच लांबलं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरून आवाज आला नाही. आयाळराव भुकेने मेले होते.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचा शब्द खाली पडू देऊ नये. त्यांना लांबच्या टेकडीवर उभं करावं आणि आपण वेळेवर जेवून घ्यावं.