मृदंगांचे मत

वैशाखातल्या सर्वसाधारण सभेत, आरंभीचे नामस्मरण आटोपताच, आमच्या मृदंगवादक संघाच्या मृदंगांनी सभासदत्व मागितले. 'जो कीर्तनाला साथ करील तो सभासद' असे संघाच्या घटनेतच असल्यामुळे नकार देता आला नाही.

त्यांनी लगेच दुरुस्ती मांडली : वर्षभरात ज्याने एकाही कीर्तनाला साथ केली नाही, त्याने अध्यक्षपदी राहू नये. अध्यक्ष गहिनीनाथबुवा शेडगे हे कित्येक वर्षे केवळ सत्कारांना जात असत. सभेने त्यांच्याकडे पाहिले नाही. एवढी मर्यादा आम्ही पाळतो.

"मृदंगाला तोंडे दोन," बुवा शांतपणे म्हणाले. "मग मते किती?"

"एकच, बुवा," कार्यवाह ज्ञानोबा तावरे म्हणाले. "दोन्ही तोंडांतून मिळून 'धा' उमटला तर होकार. त्यापुढे गेलो तर द्वैताद्वैताचा निवाडा पोटनियमांत करावा लागेल, आणि पंगत खोळंबली आहे."

माणसांनी भिडेपोटी बुवांना मते दिली, मृदंगांनी दुरुस्तीला. माणसागणिक मृदंग एकच, आणि बुवा अध्यक्ष म्हणून तटस्थ होते, त्यामुळे मते समसमान झाली. राहिला बुवांचा स्वतःचा मृदंग. त्याची गवसणी काढली तेव्हा डाव्या तोंडावर कणकेचा मागमूस नव्हता. कणकेवाचून 'धा' उमटत नाही, आणि कणीक ज्याची त्यानेच लावावी हा आमचा दंडक.

"नाही लावली तर?" बुवांनी विचारले.

"ठराव नामंजूर. खुर्ची आपलीच," कार्यवाह म्हणाले.

बुवा मृदंगाकडे वळले. "आणि लावली, तर तू कोणाकडे?"

"अर्ध्या तोंडाने काय सांगू?" मृदंग म्हणाला. "पण खोटे बोल तुम्ही मला कधी शिकवले नाहीत."

"कणीक किती घट्ट मळायची ते आठवतंय ना, बुवा?" मागून वयोवृद्ध सभासद दामूअण्णा म्हणाले. "की शालींच्या घड्या घालून हात मऊ पडले?"

बुवांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि मुदपाकखान्यातून कणीक मागवली. खाली मांडी घालून ते मळू लागले. पहिला गोळा सैल झाला. तो त्यांनी बाजूला ठेवला. दुसरा अंगठ्याने दाबत दाबत डाव्या तोंडावर बसवला.

"मध्ये आणखी थोडी," मृदंग म्हणाला.

बुवांनी लावली. सभामंडपात भरदार 'धा' उमटला. ठराव मंजूर झाला.

बुवा आधीच जमिनीवर बसलेले असल्यामुळे त्यांना पद सोडण्यासाठी निराळे उठावे लागले नाही. त्यांनी मृदंग मांडीवर घेतला. खुर्ची कोपराला लागत होती, म्हणून कार्यवाहांनी ती थोडी मागे ओढली.