बाळंतिणीचा स्टाउट

मी भुताखेतांना भीत नाही. लॉजिक घेऊन बी.ए. झाले आहे, तेही पहिल्या वर्गात! बाकी मात्र मला सगळ्याचीच भीती वाटते. बाळ शिंकलं तर वाटते, शिंकलं नाही तर जास्त वाटते. छकुलीचा श्वास चालू आहे ना हे बघायला तिच्या नाकाशी आरसा धरताना सासूबाईंनी मला दोनदा पकडलं होतं.

दीड महिन्याची झाली तरी छकुलीचं वजन वाढेना. मला दूधच कमी होतं. कँटोन्मेंटमधल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि साबण बदला म्हणावं इतक्या सहज सांगितलं, रोज दुपारी एक ग्लास स्टाउट घ्यायचा. स्टाउट म्हणजे काळी बिअर. त्यांच्याकडच्या कितीतरी बाळंतिणी घेतात म्हणे. पंधरा दिवसांनी, शनिवारी, पुन्हा वजन. तेव्हाही काटा हलला नाही, तर माझं दूध पुरत नाही असं धरून वरचं दूध सुरू करायचं.

वरच्या दुधाच्या नावाने मला रडू आलं आणि स्टाउटच्या नावाने ह्यांना घाम फुटला. माझ्या बाळंतपणासाठी सासूबाई मिरजेहून इथे कानडी मुलखात, आमच्या मल्लेश्वरमच्या घरी आल्या होत्या. तिकडे मुंबई राज्यात कडक दारूबंदी. बाटलीमागोमाग पोलीस येतो, अशी त्यांची पक्की समजूत.

पण हे पडले इंजिनियर! ह्यांनी वैद्याच्या दुकानातून बाळंतिणीला देतात त्या दशमुळारिष्टाच्या दहा रिकाम्या बाटल्या आणल्या आणि त्यांत स्टाउट ओतला. पहिला घोट मी न्हाणीघरात कडी लावून घेतला. करपलेल्या कॉफीत गंजका खिळा उकळावा तशी चव! तेव्हा ह्यांनी प्रत्येक बाटलीत चांगला लिंबाएवढा गूळ टाकला, बुचं ठोकून बसवली आणि वर तांब्याची तार आवळली. जॉइंट गळू न देणं हेच कारखान्यात ह्यांचं काम. बाटल्या कुठे ठेवल्या ते मला सांगितलं नाही, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही. दर तीन दिवसांनी हे गुपचूप एक बाटली हातात देत.

आणि काय सांगू, दुसऱ्या बाटलीपासून मला त्या कडवटपणामागे काहीतरी सापडू लागलं. भाजलेल्या जवाचा वास, भाकरीच्या खरपूस कडेची चव, शेवटी जिभेवर रेंगाळणारा चॉकलेटसारखा गोडवा. दर बाटलीला फेसही वाढत होता. तीन वाजायच्या आत मी घड्याळाकडे बघू लागले. मागून अरिष्ट पिणारी सून सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिली. दूधही येऊ लागलं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

वजनाच्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी सगळं मल्लेश्वरम जेवून झोपलेलं. पडदे ओढलेले, कोपऱ्यात धुरीची शेगडी धुमसत होती. पिता पिता छकुली थांबली आणि माझ्या खांद्यावरून वर, माळ्याच्या फळ्यांकडे बघत राहिली. मग वरून आवाज आला. कोणीतरी दातांतून हळूच श्वास सोडावा तसा. मी श्वास धरला, तर तोही थांबला.

गुरुवारी पाळण्याच्या उशाशी, भिंतीवर, एक काळा ओघळ उतरलेला दिसला. बोटाला चिकट लागला. मुंग्यांची रांग पाळण्याच्या पायापासून निघून त्याच ओघळाने वर चालली होती, सावकाश, अंत्ययात्रेसारखी.

सासूबाईंनी शेजारच्या प्रेमाअक्कांना बोलावलं. त्या बेळगावकडच्या, इथे वीस वर्षं राहिलेल्या. भिंत बघून त्या दारातच थबकल्या. तुमच्या आधी इथे एक बाळंतीण होती, म्हणाल्या. तिला दूध येत नव्हतं. शेवटी शेवटी ती दिवसभर माळ्याकडे बघत पडायची. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. नुसतं आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "स्वल्प जपा हं, अक्का."

सासूबाईंनी तिथल्या तिथे ठरवलं: शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने मिरज. मिरजेला स्टाउट कुठला, आणि स्टाउट नाही तर दूध कुठलं? ह्यांना सांगितलं, तर हे माळ्याचं नाव ऐकून पांढरे पडले आणि तडक कारखान्यात निघून गेले. हेही घाबरले म्हटल्यावर माझं लॉजिक संपलं.

शुक्रवारी दुपारी ट्रंका बांधून झाल्या. प्रेमाअक्का मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. सासूबाईंनी शेगडीत निखारे वाढवले, छकुलीवरून मूठ उतरवून त्यात टाकली. तडतड झाली आणि वर ते फुसफुसणं पुन्हा सुरू झालं. आता एक नव्हे, चार-पाच जणींचं. सासूबाईंनी मान वर केली आणि स्पष्ट विचारलं, "कोण आहेस? काय हवंय तुला?"

धडाड!

मग लागोपाठ दोन. फळ्यांमधून काळा फेस धो धो खाली आला. प्रेमाअक्का कन्नडमध्ये देवाला हाका मारत थेट आठव्या क्रॉसच्या गल्लीपर्यंत पोचल्या. मी, पहिल्या वर्गातली बी.ए., पलंगाखाली होते. आणि सासूबाई पाळण्यावर पालथ्या पडल्या होत्या. पाठीवरून काळं वाहत होतं आणि त्या म्हणत होत्या, "पोरीला हात लावायचा नाही. न्यायचं तर मला ने."

बुचाचा एक तुकडा तारेसकट माझ्यासमोर घरंगळत आला. ती तार मी ओळखली.

"आई," मी पलंगाखालूनच म्हटलं, "भूत नाही ते. माझं औषध आहे."

सगळं सांगितलं. त्या उठून बसल्या.

"म्हणजे दारू. आणि अरिष्ट म्हणून माझ्यासमोर पीत होतीस."

"दुधासाठी, आई. उद्या वजन आहे."

ओठावर आलेला फेस त्यांनी पदराने टिपला. उरलेला जिभेने.

"मिरज उद्यापर्यंत राहू दे," त्या म्हणाल्या. "पण शेगडीच्या डोक्यावर गूळ घातलेलं आंबवण ठेवणाऱ्या माझ्या उपेंद्राला इंजिनियर कोणी केलं, ते मला कळायला हवं."

एकच बाटली वाचली. ती त्यांनी स्वतः पाण्याच्या रांजणाशी, गारव्याला ठेवली. शनिवारी सकाळी तिची तार सुटलेली होती आणि आतलं चार बोटं खाली गेलं होतं. मी तार पुन्हा आवळून ठेवली.

काट्यावर छकुली अकरा औंस वाढलेली निघाली! मी रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दूध भरपूर आहे, स्टाउट बंद केला तरी चालेल.

डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"तिला सांग, बाळंतीण अजून फार अशक्त आहे."

मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुबगुबीत गालांकडे पाहिलं आणि विचारलं, आणखी किती दिवस हवाय?

"मी इथे आहे तोवर तरी," सासूबाई म्हणाल्या.

त्या सात महिने राहिल्या. छकुलीला चार दात आले, तरी मी आपली अशक्तच.