मुदतीआधी फेडणाऱ्या माणसाचं काय करावं

कर्ज बुडवणाऱ्याला समाज समजून घेतो. त्याच्यासाठी नोटिसा आहेत, वकील आहेत, सवलतीच्या योजना आहेत. खरा धोका असतो तो मुदतीआधी कर्ज फेडायला येणाऱ्याचा. असा एक इसम त्या सोमवारी बँकेच्या दारात उभा राहिला, तोही दार उघडायच्या दहा मिनिटं आधी.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. आयुष्यात कुणाचं देणं एक दिवसही उशिरा दिलं नव्हतं (अशा माणसांवर वेळीच लक्ष ठेवायला हवं). घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या अडुसष्ट. आईच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. चार महिने तिने रस्ता पाहिला तो खिडकीतूनच. आता मागच्याच गल्लीत तळमजल्यावरचं घर मिळत होतं, जुन्याला गिऱ्हाईकही तयार होतं. जुनं विकायचं, कर्ज फेडायचं, आईला दारात बसवायचं. बिचाऱ्याला वाटलं, झालं!

बँकेच्या साहेबांनी चष्मा काढला. "सगळं फेडायचंय? काका, घरी सगळं ठीक आहे ना?"

मग त्यांनी कराराचं एकेचाळिसावं पान उघडलं. व्याजाचा दर सात वर्षांसाठी बांधलेला, त्यातली दोनच सरलेली. उरलेल्या पाच वर्षांच्या व्याजावर बँकेने जीव लावला होता. करार असा मधेच तोडायचा तर 'मुदतपूर्व परतफेड आकार' पडणार, म्हणजे दुकानाची आठ महिन्यांची कमाई. (बँकेच्या पाहणीनुसार शंभर लवकर फेडणाऱ्यांपैकी सत्त्याण्णव जण हसत येतात. जातानाची पाहणी केलेली नाही.) एवढे पैसे गेले तर तळमजल्याचं घर हातचं जाणार, हे उघड होतं.

"हेच कर्ज नव्या घरावर नेता येईल," साहेब मायेने म्हणाले. "फुकट! फक्त नवं घर सर्व बाबतींत जुन्यासारखं हवं."

"सर्व बाबतींत?"

"मजल्यासकट."

दुसऱ्या दिवशी घड्याळजीने आणि शेजारच्या शिंप्याने आईला खुर्चीसकट खाली उतरवून बँकेत नेलं.

"पाच वर्षांनी आकार नाही ना?" तिने विचारलं. "आणि मी त्याआधीच गेले तर?"

साहेबांनी प्रामाणिकपणे तक्ता पाहिला. "त्याला आकार नाही, आजी. फक्त तीस दिवस आधी लेखी कळवायचं."

"बरं. आणि याने हप्तेच भरले नाहीत तर?"

"मग आम्हीच घर ताब्यात घेऊन विकतो. आमचं वजा करून उरलेले पैसे तुमचे."

"तेव्हा हा आकार?"

"छे छे! तेव्हा घाई आमची असते."

आई लेकाकडे वळली. "ऐकलंस? बुडव."

सहा महिने घड्याळजीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तारखेला तो पैसे मुठीत धरून दुकानात बसे आणि आई फोनवरून बजावे, "भरशील तर माझ्याशी गाठ आहे!" तळमजल्याची मालकीण, एक निवृत्त नर्स, हसतहसत थांबली. गिऱ्हाईकही थांबलं. बँकेचं वागणं मात्र एकदम सुधारलं: दर आठवड्याला फोन, तब्येतीची चौकशी, भेटायला यायची इच्छा.

सातव्या महिन्यात साहेब चार माणसं घेऊन अडुसष्ट पायऱ्या चढून आले आणि धापा टाकत त्यांनी वाचून दाखवलं, की घर पूर्ण रिकामं करून ताब्यात घेण्यात येत आहे. सामान आदल्या दिवशीच हललं होतं (घड्याळजीची सवय काही सुटेना). उरली होती एक खुर्ची आणि खुर्चीत आई, मांडीवर पिशवी.

"मला काही उतरता येत नाही हो," ती म्हणाली.

नियम म्हणजे नियम. बँकेच्या चार माणसांनी, बँकेच्या खर्चाने, तिला अलगद खाली नेलं आणि ती बोट दाखवत गेली तसं मागच्या गल्लीपर्यंत पोचवलं. लिलावात जुनं घर त्याच गिऱ्हाइकाने घेतलं, उरलेल्या पैशांत नर्सचा व्यवहार पुरा झाला. आई आता रोज दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते. साहेब दिसले तर त्यांनाही.

तुम्ही मात्र सज्जन. तुमचा हप्ता आदल्या दिवशीच जातो, आणि एकेचाळिसाव्या पानावर सही करताना तुम्ही फक्त सहीच्या जागेची पेन्सिलची फुली पाहिली होती. छान. गुडघे तेवढे जपा. तुम्हाला उचलून न्यायला कुणीही येणार नाही.