पुंजाजीकाकांची शेगडी

पुंजाजीकाका कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यात थांबून आधी हुंगायचे. राम राम नंतर. नाक वर करून दोन-तीनदा श्वास ओढायचा, मग तडक चुलीपाशी जाऊन राखेत हात घालायचा. राख गार लागली तर बसायचे, कोमट लागली तर घरातल्या बाईकडे वळून विचारायचे, "हे कोनासाठी जळून राहिलं व?"

हा प्रश्न ते दिवसातून कितीदा विचारत, देवच जाणे. माझ्या लेकीला, गोदीला, पाहायला पाहुणे आले होते, तेव्हाचं सांगतो. गोदी खाली मान घालून बसलेली, शेजारी समई, पाहुणे हुंड्या-मानापानाच्या बोलण्यात रंगलेले. काका उठले आणि समई उचलून चालू लागले. मुलाचे वडील दचकले. "अहो, दिवा कुठं नेता?"

"पोरीले पाहून झालं ना? मंग हे कोनासाठी जळून राहिलं? तुमच्या गोष्टी तं अंधारातबी होतीन."

मी लाजेनं मेलो. पाहुणे मात्र हसत सुटले आणि लग्न ठरलं. म्हणाले, असा काटकसरी चुलता असलेल्या घरची मुलगी चांगलीच असणार. काका माझे सख्खे चुलते नव्हते, भावकीतले. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आमच्या आळीच्या टोकाला एकटेच राहत. स्वतःच्या घरी दिवा लावत नसत आणि चूलही दिवसातून एकदाच. सकाळी दोन भाकरी भाजायच्या आणि दिवसभर गारच खायच्या.

हे वेड त्यांना आधीपासून होतं, पण कापसाचे दिवस आले आणि ते उफाळलं. तिकडे अमेरिकेत लढाई लागली म्हणे, आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या अकोटाकडच्या कापसाची वाट पाहू लागल्या. उमरावतीहून दलाल येत आणि दर खेपेला भाव चढल्याचं सांगत. मग कोण विकतो? आळीतल्या प्रत्येक घरात कापूस भरलेला. माझ्या घरी तर पडवी, माजघर, बाळंतिणीची खोली, सगळं आढ्यापर्यंत. जेवायला बसलो की पाठ कापसाला टेकायची. उठलो की सगळ्यांची बुडं पांढरी.

काकांनी आपला कापूस शेतातच विकून टाकला, मिळेल त्या भावानं. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. ते मात्र कमरेला पाण्याचा तांब्या बांधून आळीत फिरू लागले. बायकांनी शेजारून विस्तव आणायचा नाही. कुणाला हवा असेल तर काका स्वतः झाकणाच्या मडक्यात घालून पोचवणार. दोन सख्ख्या जावा, वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या, त्यांना एकाच चुलीवर स्वयंपाक करायला लावला. "पऱ्हाटीचं सरपन वाचन, गवऱ्याबी वाचतीन. भांडाचं असन तं भांडा, पन एकाच चुलीपाशी!" दिवाळीच्या पणत्या त्यांनी साऱ्या आळीतून गोळा केल्या आणि विहिरीच्या कठड्यावर मांडल्या. एक दलाल कापसाच्या ढिगाला टेकून चिलीम ओढत होता, त्याच्या मिशीवर तांब्या रिकामा केला. तो पुन्हा आमच्या आळीत आला नाही.

त्याच हिवाळ्यात गोदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माझ्या मनात तेव्हाच टोचलं होतं. बाळंतिणीची खोली मोकळी करायला हवी होती. पण दलाल म्हणाले, अजून थोडं थांबा. मी थांबलो. पौषातली थंडी पडली तेव्हा विकायचं ठरवलं, तर गाडी मिळेना. सगळ्या बैलगाड्या कापूस घेऊन उमरावतीच्या वाटेवर. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी गोदीच्या पोटात कळा सुरू झाल्या.

सुईण आली, तिनं घर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "खाटेखाली शेगडी पाह्यजे, बाप्पा. या थंडीत शेक नाई भेटला तं बाळंतीन काकडून जाईन. आन शेगडी ठेवली तं घर जाईन. कोनतं ठेवता, सांगा."

माझी बायको रखमा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "यांचा कापूस राहू द्या घरात. पोरीले मी निंबाखाली नेतो."

मी वेड्यासारखा कापसाची गाठोडी पडवीतून अंगणात फेकू लागलो. पण एक माणूस किती उपसणार? आत गोदी कण्हत होती. रखमानं अंगणातच शेगडी पेटवली. कुठे ठेवायची ते ठरलं नव्हतं, पण सुईण पाणी तापवा म्हणाली होती.

तेवढ्यात उंबऱ्यात काका. हुंगलं. शेगडी पाहिली. तिच्यावर घमेलं पालथं घातलं, धोतराच्या सोग्यानं कड्या धरल्या आणि उचलून निघाले.

"मामाजी!" त्यांची सून लागणारी रखमा किंचाळली. "आजच्या दिवस तरी इझवू नका! पाया पडतो तुमच्या!"

मी धावलो. मला वाटलं, आता शेगडी विहिरीत जाणार. पण काका विहिरीवरून सरळ पुढे गेले, आपल्या घरात शिरले आणि आतून ओरडले, "नारायना, पाहून काय राहिला लेका! पोरीले आन इकडे!"

आम्ही गोदीला खाटेवरच उचलून नेलं. काकांच्या घरात कापसाचं बोंडही नव्हतं. मधली खोली शेणानं सारवलेली, भिंतीला पांढरी माती, झरोक्याला पोतं लावून वारा अडवलेला. कोपऱ्यात गवऱ्यांची रास, आढ्याला नवी दोरी बांधून पाळणा टांगलेला. मी बघतच राहिलो.

"हे कधी केलं, काका?"

"पोट्टी आली त्याच दिवशी. तुह्या घरात जागा कुठी होती?" एवढं म्हणून ते बाहेर जाऊन बसले, दोन्ही बाजूंना पाण्याचे हंडे ठेवून.

सूर्य डोक्यावर यायच्या आत रडणं ऐकू आलं. सुईणीनं दारातून सांगितलं, मुलगी, आणि दोघीही सुखरूप. मी काकांच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो, आणि इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. काकांनी फक्त विचारलं, "शेगडी नीट पेटली ना?"

पुढे गाड्या परत आल्या, कापूस गेला. भाव चढला होता की उतरला होता, मला खरंच आठवत नाही. सव्वा महिना गोदी काकांकडेच राहिली. काका रोज शेगडीत गवऱ्या घालत. रखमानं एखादी कमी घातली तर तिच्यावर डाफरत. आळीतल्या बायका चोरून बघून जात, की बुढ्याला झालं तरी काय.

सव्वा महिना झाला तसे आम्ही तिला घरी न्यायला गेलो. फाल्गुनाचं ऊन चांगलंच तापलं होतं. काका ओट्यावर बसले होते, मांडीवर बाळ. फेट्याखालून घाम निघून मिशीपर्यंत आला होता. आत गोदीच्या खाटेखाली शेगडी धगधगत होती.

"न्यायला आलो, काका," मी म्हटलं. "माझं घर आता मोकळं झालं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाळाच्या टोपऱ्याचा बंद नीट केला, मग पुन्हा नीट केला.

"न्याचं असन तं न्या," ते म्हणाले. "पन थंडी हाये ना अजून."

मी काही बोलणार होतो. रखमानं माझ्याआधी डोक्यावरचा पदर ओढून दोन्ही खांदे झाकून घेतले.

"हो मामाजी," ती म्हणाली. "सकाळपासून लई गारठून राहिलं."

मीही उपरणं छातीशी आवळलं आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. "बोचून राहिली, काका," मी म्हटलं. "राहू द्या पोरीला इथंच, थंडी जाईपर्यंत."